ढाप्यावरून चालणारं गाव

भुसावळकडून येणारा रस्ता जळगाव जिल्ह्यातल्या यावलात बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गाला मिळतो, ती जागा म्हणजे टी पॉइंट. डावीकडे चोपडा, उजवीकडे फैजपूर, सावदा, रावेर, समोर सातपुडा. सकाळी दहाच्या सुमाराला इथं उभं राहावं. एसट्या, केळी भरलेले ट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, एका दुचाकीवर तिघं. आणि या सगळ्यांच्या कडेनं, पुढून, मधून चालणारी माणसं. तहसीलला दाखल्यासाठी आलेला शेतकरी, कॉलेजच्या मुली, आदिवासी प्रकल्प कार्यालयात कागदांची पिशवी घेऊन निघालेली पाड्यावरची माणसं, सुनेच्या दंडाला धरून ग्रामीण रुग्णालयाकडे चाललेली म्हातारी.

यावलला रेल्वे नाही. जो येतो तो रस्त्यानं येतो, आणि एसटीतून उतरला की पुढं पायीच.

संपादकांनी विषय दिला तो शहरांतल्या पदपथांचा: ते सुरक्षित कसे होतील, सगळ्यांना वापरता कसे येतील. पुण्यामुंबईत जाऊन हा लेख लिहिणं सोपं होतं. तिथं फुटपाथ आहेत, त्यांवर भांडणाऱ्या संस्था आहेत, याचिका आहेत, छायाचित्रं आहेत. पण पस्तीस-चाळीस हजार वस्तीची तालुक्याची गावं राज्यात शेकड्यांनी आहेत. तिथं माणसं शहरातल्यापेक्षा कमी चालत नाहीत, आणि त्यांच्या चालण्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून यावल.

गटार, ढापा, ओटा

टी पॉइंटकडून बुरूज चौकाकडे चालू लागलं की पहिला प्रश्न पडतो, पाय ठेवायचा कुठं? एका दुकानदाराला फुटपाथबद्दल विचारलं तर त्यानं पायाखाली बोट दाखवलं. "हा काय, ढापा आहे ना!"

त्याचं म्हणणं खरं आहे. छोट्या गावातल्या बाजाररस्त्याची रचना ठरलेली असते. डांबराची किंवा काँक्रीटची पट्टी संपली की गटार. गटारीवर सिमेंटचा ढापा. त्यामागं दुकानाची पायरी किंवा जुन्या घराचा ओटा. कुणी आखलेला नसला तरी ढापा हाच इथला पदपथ आहे, आणि तो जसा झाला तसा का झाला हे समजून घेतल्याशिवाय पुढं काही सुधारायचं नाही.

नगरपरिषद ढापे टाकते तेव्हा ते साधारण एका पातळीत असतात. मग एक दुकानदार नवी फरशी बसवतो आणि आपल्यापुरता ढापा चार इंच उचलून घेतो. शेजाऱ्याला रात्री दुचाकी आत घ्यायची असते, तो सिमेंटचा उतार रस्त्यावर आणतो. तिसऱ्याच्या दुकानात पावसाचं पाणी शिरतं, तो बांध घालतो. चौथ्यासमोर गटार तुंबलेली असते. सफाई कामगार ढापा उचलतात, गाळ काढून तिथंच रचतात, ढापा परत बसवताना तो बसत नाही, किंवा फुटतो. पाचव्यासमोर महावितरणचा खांब, सहाव्यासमोर 'हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स. यातला एकही जण वेडा किंवा दुष्ट नाही. प्रत्येकाचं कारण त्याच्या उंबऱ्यापुरतं रास्त आहे. सलग ओळीची जबाबदारी मात्र कुणाकडेच नाही, आणि चालणाऱ्याला तर ओळच लागते.

धडधाकट माणूस अशा ढाप्यावर चढतो, उतरतो, कंटाळतो आणि रस्त्यावरून चालू लागतो. त्याला ते जमतं. गुडघे गेलेली बाई दर चार दुकानांगणिक एक फुटाची पायरी चढत नाही. तीही रस्त्यावर येते, पण गाडी आली तर तिला पटकन बाजूला होता येत नाही. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवरच्या एका गृहस्थांना विचारलं, तुम्ही कुठून जाता? ते हसले. "कडेनं गेलो तं ढाप्यात चाक अडकतं, भाऊ. मधून गेलो तं गाडीवाला शिव्या देतो. पन पाहून तं देतो!" दिसणं हाच त्यांचा विमा. रस्ता-सुरक्षेवरच्या बऱ्याच अहवालांत इतकं नेमकं वाक्य सापडायचं नाही.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या पादचारी सुविधांवरच्या १०३ क्रमांकाच्या पुस्तिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. फुटपाथची कड १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नको. १.८ मीटर म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी जागा. उताराचं मानक आहे एकास बारा: सहा इंचांची कड चढायची तर सहा फूट लांब उतार हवा. दुकानांसमोरचे उतार दुचाकीसाठी केलेले. सहा इंचाला दीड-दोन फूट. गाडी इंजिनाच्या जोरावर चढते. खुर्चीतला माणूस मागं कलंडतो.

रस्ता वर, माणूस खाली

साइडपट्टी, म्हणजे रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी, ही दुसरी गोष्ट शहरी वाचकाच्या सहज लक्षात येत नाही.

जुन्या रस्त्यावर नवा थर टाकताना आधीचा खरवडून काढायचा असतो. तसं क्वचित होतं. दर डांबरीकरणात रस्ता दोन-तीन इंच वर येतो. काँक्रीट केलं तर एकदम आठ-दहा इंच. अंदाजपत्रक असतं मधल्या पट्टीचं, बाजूचा भराव 'नंतर' होतो. तोवर काँक्रीटच्या कडेला सरळ कापल्यासारखी धार आणि खाली माती. दुचाकीचं चाक त्या धारेवरून घसरतं, पायी माणसाचा घोटा मुरगळतो, आणि समोरून ट्रक आला की दोघंही एकाच वेळी त्याच धारेकडे ढकलले जातात. मागच्या ओट्यांचं उलटंच होतं. आजोबांच्या वेळी रस्त्यापासून तीन पायऱ्या वर असलेला ओटा आता रस्त्याच्या पातळीला आलेला, किंवा खाली गेलेला. पाणी घरात येतं. मग बांध. मग ढाप्याची पातळी पुन्हा बदलते. बाजारपेठेतल्या पायऱ्यांचं भांडण खरं तर डांबराच्या थरांनी सुरू केलेलं असतं.

यावर ठेकेदारांचं आवडतं उत्तर आहे पेव्हर ब्लॉक. दिसायला छान, बसवायला झटपट, बिल काढायला सोपं. तापीखोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. खाली नीट दाबलेला भराव नसेल, कडेला घट्ट काँक्रीटची धार नसेल, तर दुसऱ्या पावसाळ्यात ब्लॉक डुगडुगू लागतात. पाय ठेवला की खालचं पाणी पायजम्यावर. माझ्या मते काळ्या जमिनीच्या गावात गटारीसकट ओतलेला साधा, खरबरीत काँक्रीटचा सलग पट्टा दहा रंगीत ब्लॉकांपेक्षा बरा. त्याचं उद्घाटन तेवढं देखणं होत नाही, ही अडचण खरी.

मालक दोन, धनी कुणी नाही

बाजारातून जाणारा मुख्य रस्ता हा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गच आहे. महामार्गाची मधली पट्टी शासनाच्या बांधकाम यंत्रणेकडे. गटार आणि ढापे नगरपरिषदेकडे. खांब महावितरणचे. वाहतूक पोलिसांची. अतिक्रमण काढायचं तर नगरपरिषद, पण हद्द ठरवायला भूमी अभिलेख, आणि बंदोबस्ताला पुन्हा पोलीस. या कार्यालयांपैकी कुणाच्याही फलकावर 'चालणारा माणूस' हे काम लिहिलेलं नाही. महामार्गाचा अभियंता वाहनांची वर्दळ मोजतो. नगरपरिषदेचा अभियंता गटारीचे मीटर. त्यात कित्येक वर्षं राज्यभरातल्या नगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. ज्याला रस्त्यात गाठून 'आमच्यासमोरचा ढापा कधी?' असं विचारायचं तो नगरसेवकच नव्हता.

हे दुखणं एकट्या यावलचं नाही. जळगाव शहराच्या मधून पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा जातो. शहर त्याच्या दोन्ही अंगांना वाढलं आणि महामार्ग ओलांडणं हे रोजच्या जगण्याचं काम झालं. दूध आणायला, शाळेत जायला, देवळात जायला. लोकांनी वर्षानुवर्षं समांतर रस्त्यांची मागणी लावून धरली, आंदोलनं केली. दरम्यान त्या पट्ट्यात माणसं मरत राहिली. पुढं चौपदरीकरण झालं, चौकाचौकांत भुयारी मार्ग झाले, शहराबाहेरून बायपास काढला गेला. महामार्ग ही गावाची भरभराट असते, आणि तो गावातून गेला की गावातल्या पायी माणसाची किंमत त्याच्या हिशेबात धरलेली नसते. यावल, फैजपूर, सावदा, रावेर, चोपडा ही एकाच महामार्गाला ओवलेली गावं आहेत. एका गावात जमलं तर पाच गावांत जमेल. एकात बिघडलं तर पाचांत.

जळगावची आणखी एक गंमत सांगण्यासारखी. काव्यरत्नावली चौकात आणि भाऊंच्या उद्यानात सकाळी फिरायला मोठी गर्दी असते. यातले बरेच जण तिथपर्यंत गाडीनं येतात. घरापासून चालत निघावं असा रस्ता नाही, म्हणून चालण्यासाठी गाडी काढायची.

न्यायालय काय म्हणालं

डॉ. एस. राजशेखरन हे कोईमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ. रस्त्यावर मोडलेली हाडं जोडता जोडता त्यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं सांगितलं की अडथळामुक्त पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पदपथ अपंग व्यक्तींना वापरता आले पाहिजेत. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात न्यायालय आणखी पुढं गेलं. राज्यांनी पादचाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याखाली नियम करावेत आणि ५० शहरांतल्या पदपथांची तपासणी व्हावी. त्या आदेशामागचा आकडा असा: २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसं गेली, त्यांतली ३५,२२१ पायी चालणारी होती. पाचातला एक.

पण ती ५० शहरं दहा लाखांवरच्या वस्तीची. त्या यादीत जळगावसुद्धा बसत नाही, यावलचं तर नावच नको. हे मला न्यायालयाच्या आदेशाचं वैगुण्य वाटत नाही. कुठून तरी सुरुवात करावी लागतेच. फक्त यावलकरानं त्या यादीची वाट पाहू नये.

कारण त्याच्या हातात आधीपासून एक कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत संपून काळ लोटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की सुगमतेची मानकं ही ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं असून चालणार नाहीत. काही किमान गोष्टी बंधनकारक कराव्याच लागतील. रातुरी स्वतः अंध. त्यांची मूळ याचिका २००५ ची.

सरकारी कार्यालयांत आता उतार दिसतात, रेलिंगसकट. इमारतीच्या फाटकाच्या आत. खुर्चीतल्या माणसानं फाटकापर्यंत कसं यायचं, हे त्या नकाशात नसतं.

लोटगाडीचं काय करायचं?

फुटपाथची चर्चा निघाली की पहिलं बोट फेरीवाल्यांकडे जातं. यावलच्या बाजारातही लोटगाड्या आहेत: केळीच्या वेफर्सची, चपलांची, भाजीची. हिवाळ्यात तालुक्यातल्याच बामणोदकडची भरताची वांगी येतात आणि मग कुणाला रस्त्याची फिकीर राहत नाही, मला तर नाहीच. आठवडे बाजाराच्या दिवशी ताडपत्र्यांच्या दोऱ्या गळ्याच्या उंचीवर ताणलेल्या असतात. २.२ मीटरचं मानक तिथं लटकतं.

पण नीट पाहिलं तर गाडीवाला चालणाऱ्याला जेवढा अडवतो त्याहून जास्त उभ्या दुचाक्या अडवतात. गाडी संध्याकाळी जाते; दुचाकी दिवसभर बदलत राहते, जागा मात्र भरलेलीच. शिवाय चालणाऱ्या बाईला अंधार पडल्यावर त्याच रस्त्यानं जायला धीर येतो तो गाड्यांवरच्या दिव्यांमुळे. गाड्या हटवून रस्ता ओसाड केला तर तो सुरक्षित होईलच असं नाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं यावर वाट काढून ठेवली आहे. नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतले, सर्वेक्षण, ठरलेल्या जागा. कोविडनंतर पीएम स्वनिधीच्या कर्जासाठी नगरपरिषदांनी विक्रेत्यांची नोंद केलेलीच आहे. यादी तयार आहे. तिच्यावरून गाड्यांसाठी एक रेषा आखता येते: ढाप्याच्या पट्ट्यात नाही, त्याला लागून रस्त्याच्या बाजूला, जिथं आज दुचाक्या उभ्या असतात. चांगल्या रस्त्याचा आराखडा करणारे पदपथाचे तीन पट्टे करतात. दुकानाला चिकटून थोडी जागा पायऱ्या-पाट्यांना, मध्ये निखळ चालण्याचा पट्टा, आणि रस्त्याच्या कडेला झाड, खांब, गाडी, बाक. मधला पट्टा मोकळा राहिला की बाकीच्या दोघांचं भांडण सुसह्य होतं.

पुण्याकडून घ्यायचं ते आणि नको ते

पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, रस्त्यांच्या आराखड्यांची मार्गदर्शक पुस्तिका केली आणि जंगली महाराज रस्ता त्याप्रमाणे घडवून दाखवला. रुंद पदपथ, झाडं जागच्या जागी, बसायला जागा. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. धोरण कागदावर असणं आणि पदपथ सलग असणं यांत पुण्यातही अंतर आहे, हे पुणेकर सांगतीलच. त्यांना सांगायला आवडतंही. तरी धोरण लिहिलेलं असलं की भांडायला कागद मिळतो.

मुंबईचा धडा वेगळा. फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून तिथं ठिकठिकाणी खांब रोवले गेले, इतके जवळजवळ की चाकाची खुर्चीच आत जाईना. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका मुंबईकरानं हे उच्च न्यायालयाला कळवलं आणि २०२३ मध्ये न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. सुरक्षेचा उपाय ज्यांच्यासाठी होता त्यांनाच आडवा आला. असं होतं, कारण आराखडा करताना खुर्चीतला माणूस खोलीत नसतो.

पिवळ्या खाचांच्या फरश्यांचंही तेच. जपानमधल्या ओकायामा शहरात सेइची मियाके यांनी त्या शोधल्या. १९६७ मध्ये तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. त्यांची भाषा साधी आहे. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल टिपके म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे. आपल्याकडे कित्येक ठिकाणी त्या शोभेच्या पट्टीसारख्या बसवतात आणि रेघांची ओळ सरळ विजेच्या खांबावर नेऊन सोडतात. न वाचणाऱ्या माणसानं लिहिलेली पाटी जशी असावी तशी. यावलनं निधी आला म्हणून पिवळ्या फरश्या आणू नयेत. आधी पातळी, मग रुंदी, मग पिवळा रंग.

धुळ्याचं उदाहरण खान्देशातलंच म्हणून घेतो. १८१९ च्या सुमाराला कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं, व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा दिल्या आणि नवी पेठ आखून बसवली. क्रमांकांच्या सरळ गल्ल्या आजही त्याची साक्ष देतात. आखलेलं गावही सांभाळलं नाही तर काय होतं ते आग्रा रोडवर आणि पाच कंदीलला संध्याकाळी जाऊन पाहावं.

ऊन

पुण्याच्या पुस्तिकेत जे पुरेसं येत नाही ते ऊन. जळगाव-भुसावळ-यावल पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. भर दुपारी उघड्या काँक्रीटवर कुणी चालत नाही, कितीही मानकं पाळलेली असोत. माणसं सावलीमागं चालतात. सकाळी रस्त्याच्या एका बाजूनं, दुपारनंतर दुसऱ्या. दुकानांच्या पत्र्याच्या छपऱ्या नियमात बसत नाहीत, पण त्याच इथल्या फुटपाथचं छत आहेत. त्या सरसकट पाडण्याऐवजी त्यांची खालची कड २.२ मीटरच्या वर घ्यायला लावली तर सावलीही राहील आणि डोकंही फुटणार नाही. रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या कडुनिंबाचा हिशेब 'वृक्ष एक नग' असा होतो. पायी माणसाच्या लेखी तो दुपारी चालता येण्याजोगा तीस फुटांचा तुकडा असतो.

एका ओळीचं काम

मग यावलनं काय करावं? पाच कोटींचा पदपथ प्रकल्प मागू नये. मागितला तर तो कुठल्यातरी बाह्य वसाहतीत होईल, जिथं जागा आहे आणि माणसं नाहीत.

एक ओळ निवडावी: बसस्थानक ते ग्रामीण रुग्णालय, किंवा टी पॉइंट ते बुरूज चौक. रस्त्याच्या एकाच बाजूची. त्या ओळीतले ढापे एका पातळीत आणावेत. जिथं गल्ली आडवी येते तिथं ढापा न तोडता गल्लीचाच रस्ता उचलून ढाप्याच्या पातळीला घ्यावा, म्हणजे गाडी हळू होते आणि माणूस सरळ जातो. गटार साफ करण्यासाठी ठरावीक अंतरावर उचलता येणारी, हाताळता येणारी झाकणं ठेवावीत. हे विसरलं तर पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी घण घेऊन ढापा फोडेल, आणि तो बरोबरच असेल. महावितरणच्या खांबाजवळ पट्टा वळवून घ्यावा. दुचाक्यांसाठी समोरची बाजू आखावी. आखण्याआधी तीनचाकी सायकलवरच्या माणसाला त्या ओळीवरून एकदा नेऊन पाहावं. तो जिथं अडेल तिथं खडूनं खूण करावी. याहून स्वस्त तपासणी कुठली सल्लागार कंपनी करून देणार नाही.

पैशाचा एक मार्ग घरातच आहे. नागरी स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो व्यक्तिगत अनुदान म्हणून वाटला जातो, आणि ज्यांना तो मिळतो त्यांच्या तोंडचा घास काढावा असं मी म्हणणार नाही. पण सार्वजनिक जागा अडथळामुक्त करण्याची कामंही त्यातून घेता येतात. त्यातला थोडा वाटा दरवर्षी एका ओळीला दिला, तर पाच-सहा वर्षांत बाजार जोडला जाईल. उरलेलं काम गटार आणि रस्त्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसतं, फक्त ते अंदाजपत्रक करताना लिहावं लागतं.

आणि तिथंच वाचकाला काम आहे, मग तुमचं गाव यावल असो, पारोळा असो की पाचोरा. पुढच्या वेळी तुमच्या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचा नारळ फुटेल तेव्हा अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात साइडपट्टीचा भराव आहे का आणि ढाप्याची पातळी लिहिली आहे का, एवढ्या दोनच गोष्टी बघा. प्रत द्यायला कुणी नाही म्हणालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपये लागतात.